मदत हवी आहे: मुनियांच्या थव्यातली तपकिरी पिल्लं कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

गेले दोन रविवार सकाळी पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी बघायला जाते आहे. नदीकाठच्या उंच गवतात तीस-चाळीस मुनियांचा थवा बियांवर तुटून पडलेला असतो. मोठ्या पक्ष्यांबद्दल शंका नाही. गळा गडद विटकरी, पोटावर खवल्यांची नक्षी, म्हणजे ठिपकेवाली मुनिया. अडलंय ते त्यांच्यासोबतच्या साध्या पक्ष्यांपाशी. वरून तपकिरी, खालून फिकट बदामी, अंगावर एकही खवला नाही, चोच काळपट. वीण पावसाळ्यात होते, तेव्हा ही यंदाची पिल्लं असणार, इथवर समजलं.

पण काळ्या डोक्याच्या मुनियेची पिल्लंही जवळजवळ अशीच दिसतात ना?

पहिल्या दिवशी मी त्यांना सिल्व्हरबिल (मुनियांचाच एक साधा तपकिरी भाईबंद) म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकून मोकळी झाले होते. रात्री फोटो नीट पाहिले तेव्हा चूक लक्षात आली आणि नोंद दुरुस्त केली. सिल्व्हरबिलची शेपटी काळी, लांब आणि टोकदार असते, उडताना शेपटीच्या वरचा भाग पांढरा दिसतो. इथे तसं काहीच नव्हतं.

ठिपकेवालीच्या थव्यात आहेत म्हणून त्यांचीच पिल्लं, असं धरायला मन तयार नाही. मुनिया एकमेकींच्या थव्यात सर्रास मिसळतात. काळ्या डोक्याच्या मोठ्या मुनियेची चोच जाड आणि निळसर राखाडी असते. तो जाडपणा आणि रंगातला फरक पिल्लांतही एवढा दिसतो का, की वीस-पंचवीस फुटांवरून दुर्बिणीतून सांगता यावं? की आवाजावर जास्त भरवसा ठेवायचा?

आणखी दोन पक्षी वेगळेच वाटले. आकाराने लहान, पंखावर फिकट रंगाच्या दोन पट्ट्या. लाल मुनियेची पिल्लं का? मादी म्हणावी तर चोच लाल नव्हती आणि शेपटीच्या बुडाशी तांबडा रंगही दिसला नाही.

फोटो आहेत, पण सगळे उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढलेले, चोचीचा खरा रंग त्यांत कळत नाही. येत्या रविवारी सूर्य पाठीशी घेऊन बसणार आहे. गवत वाळलं की कापून नेतात, मग हा थवा तिथे थांबणार नाही. म्हणून त्याआधी नेमकं काय काय बघून, ऐकून यायचं ते कृपया सांगा. पिल्लांची खात्री होईपर्यंत नोंदीत फक्त ‘मुनिया’ एवढंच ठेवलंय.