डाउनलोडर टाकू की नको? टिळकवाडीतल्या आमच्या ग्रुपवर

बी-३०१ शोभाकाकू: शिवजयंतीच्या चित्ररथांचे व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून घ्यायचेत. ओळखीतल्या एकानं ही डाउनलोडरची झिप पाठवलीय, पासवर्ड १२३४. टाकू काय?

ए-१०२ संतोष: टाका की काकू. मी कालच टाकलंय, फास्ट चालतंय.

सी-२०२ अमेय: काकू, थांबा, उघडू नका. संतोषदादा, व्हिडिओ उतरतोय तेवढं दिसतंय. ब्राउझरमधले पासवर्ड मागनं कोण वाचतंय, ते कुठं दिसतंय?

संतोष: अँटिव्हायरस काय बोलला नाही की.

अमेय: बोलणार कसा? झिपला पासवर्ड असला की त्याला आतलं बघता येत नाही. म्हणूनच घालतात, आणि सोबत लिहूनही देतात. आत सूचनांची फाइल असंल, वाचा जरा.

संतोष: "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा" 😬

बी-१०४ अण्णा: म्हणजे कुत्रं बांधून ठेवा, मग आम्ही येतो!

अमेय: तेच अण्णा. एवढ्यावरच डिलीट करायचं, पुढं काय बघायचंच नाही.

शोभाकाकू: मग चांगलं कुठलं ते कसं कळायचं रे?

अमेय: सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरातीची लिंक येते ती सोडा, बनवणाऱ्याच्या साइटवरनंच घ्या. तिथंसुद्धा मोठमोठी हिरवी बटणं पुष्कळदा जाहिरातीचीच असतात. फाइल उतरली की राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथं कंपनीचं नाव दिसतं. नसलं म्हणून लगेच चोर म्हणू नका, त्या सहीला पैसे पडतात, छोटे ओपन सोर्सवाले, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणारे, पुष्कळदा घेत नाहीत. मग व्हायरसटोटलवर चढवा. २०१२ साली गूगलनं घेतलेली साइट, पुष्कळ कंपन्यांचे स्कॅनर एकदम बघतात. एखादा लाल आला तर चुकीचा इशारा असू शकतो, दहा-बारा आले तर विषय संपला. फाइल अगदी ताजी असली तर शून्य येऊनही खात्री नाही. आणि घरचे उतारे-बितारे तिथं चढवू नका हां, चढवलेलं दुसऱ्यांनाही मिळू शकतं.

संतोष: नाव मोठं असलं की झालं मग?

अमेय: तसंही नाही. फ्री डाउनलोड मॅनेजर हा डाउनलोडर किती जुना! २०२३ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीनं दाखवलं, २०२० ते २०२२ त्याच्या अधिकृत साइटवरनं काही लिनक्सवाल्यांना (विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांना) भलत्याच पत्त्यावर नेऊन पासवर्ड चोरणारं पॅकेज दिलं जात होतं. सगळ्यांना नाही, काहींनाच. म्हणून तर इतकी वर्षं खपलं.

डी-४०३ सुमनअक्का: मोबाईलवर काय बघायचं?

अमेय: अक्का, व्हिडिओ उतरवायला मेसेज वाचायची परवानगी कशाला लागते? ॲक्सेसिबिलिटी नावाची परवानगी मागितली तर तिथंच काढून टाका. अख्खी स्क्रीन त्याच्या हातात जाते.

शोभाकाकू: आणि माझे चित्ररथ?

अमेय: मंडळाच्या पोरांकडं मूळ शूटिंग असतंय की. पेनड्राइव्ह द्या.

शोभाकाकू: होय की! आमचा पुतण्याच मंडळात हाय.

अमेय: संतोषदादा, तुमच्या लॅपटॉपचं नेट आधी बंद करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरनं बदला, त्या लॅपटॉपवरनं नको. बँक आणि जीमेल पहिल्यांदा.

संतोष: बायकोच्या मोबाईलवरनं बदलालोय. ती विचारालीय काय झालं म्हणून.

अण्णा: शोभाताई, ती झिप ग्रुपवरनं उडवा आधी. सगळ्यांसाठी डिलीट करा.