मदत हवी आहे: बाबांचा टीबी आमच्या कुत्र्याला झाला असेल का?

बाबांना ३ आठवड्यांपूर्वी फुप्फुसाचा टीबी निघाला. थुंकी पॉझिटिव्ह, पण साध्या औषधांना दाद देणारा. गोळ्या सुरू आहेत. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली. राहिला मोती, आमचा ९ वर्षांचा देशी कुत्रा.

तो गेले १० दिवस कोरडं खोकतोय. खातोय नीट, ताप नाही, वजनही तेवढंच. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस झालेली आहे. जवळच्या डॉक्टरांनी ५ दिवस अँटिबायोटिक दिलं, फरक शून्य. बाबांना टीबी आहे हे तेव्हा त्यांना सांगायचं राहिलं, ही माझीच चूक.

लालबागच्या चाळीतली एकच खोली, वेगळं ठेवणार कुठे? आता रात्री गॅलरीत बांधतो, तर तो रडतो आणि आत बाबाही जागे. त्याला कुठे सोडून द्यायचा सल्ला कृपया देऊ नका.

माणसाचा टीबी कुत्र्याला क्वचित होतो, एवढं माहीत आहे. शनिवारी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेतोय. त्वचेवरची चाचणी कुत्र्यांत भरवशाची नसते आणि थुंकी तर त्याच्याकडून मागता येत नाही. मग एक्स-रेनंतर नेमकी कोणती तपासणी करायला सांगू? आणि निकाल येईपर्यंत त्याला बाबांच्या पायाशी झोपू द्यावं का?