५ मिनिटांची टूडी फिल्म: गोष्ट पक्की नसताना अ‍ॅनिमेशन सुरू करावं का?

रेघोट्या: नमस्कार मंडळी, दशावतारावर, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्यावर, छोटी फिल्म करायचीय. वडील नाटकात राक्षसाचं काम करतात आणि त्यांची लहान मुलगी त्या वेशातल्या बाबांना घाबरते, एवढं सुचलंय. स्क्रिप्ट लिहिली पण सगळं संवादातच चाललंय आणि शेवट बसत नाहीये. मित्र म्हणतो एकेक सीन अ‍ॅनिमेट करत जा, गोष्ट आपोआप सापडेल. करू का तसं?

निळीशाई: अजिबात नको रे. साधा हिशोब बघ, सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ५ मिनिटांची ३६००, तीही एकाच पात्राची, आणि मग कळलं की तो सीनच नकोय तर सगळी मेहनत पाण्यात. आधी स्टोरीबोर्ड कर, म्हणजे प्रत्येक शॉटचं एक कच्चं चित्र, काड्यांची माणसं काढलीस तरी चालेल. ती चित्रं ओळीने लाव, घरच्यांच्या आवाजात फोनवर संवाद रेकॉर्ड करून टाक, झालं अ‍ॅनिमॅटिक. कुठे रेंगाळतंय ते तिथेच कळतं. टॉय स्टोरीच्या वेळी १९९३ मध्ये पिक्सारने डिस्नेला असंच कच्चं रील दाखवलं, मुख्य पात्र वुडी इतका खडूस वाटला की प्रॉडक्शन थांबवून परत गोष्टीवर बसावं लागलं.

कुडाळकर: दशावतारात कलाकार आपला रंग आपणच लावतात, त्याचा वापर करा ना. बाबा पेटाऱ्यापुढे बसलेत, आरसा मुलीने धरलाय. अर्धा चेहरा बाबांचा, अर्धा रंगलेला. भुवया जाड काळ्या झाल्या की आरसा हलायला लागतो, बाबा न बोलता तिचा हात धरून सरळ करतात. संवाद लागतोच कुठे? आणि शेवटाचं म्हणाल तर मुलीला काय हवंय ते आधी ठरवा. नाटक संपल्यावर पहाटे बाबांनी रंग पुसला आणि मग ती जवळ गेली तर तिच्यात काहीच बदललं नाही. रंग तसाच असताना गेली पाहिजे.

रेघोट्या: रंग पुसायच्या आधी! हेच अडलं होतं. आज रात्रीच आरशाच्या सीनचा बोर्ड काढायला बसतो.

निळीशाई: मस्त. अ‍ॅनिमॅटिक झालं की ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कुणाला तरी दाखव आणि मधे काही समजावून सांगू नकोस, नंतर फक्त विचार की मुलगी कधी घाबरली आणि का गेली.