ओआरपीवर विमानं तयार असताना आकाशात गस्त कशाला?

पाणकावळा
तणाव वाढला की बातम्यांत 'सीमेवर लढाऊ विमानांची गस्त' हमखास येतं. पण धावपट्टीच्या टोकाला ओआरपीवर (तातडीने उडायच्या विमानांसाठी राखलेल्या जागेवर) शस्त्रं लावलेली विमानं तशीही उभी असतात आणि हुकूम आला की काही मिनिटांत उडतात. मग वर घिरट्या घालत इंधन का जाळायचं? आणि अनोळखी विमान शत्रूचंच आहे, हे ठरवतं कोण?

काटकोन
गणित करून बघा. रडारची नजर साधारण किती किलोमीटर पोचते? ४.१२ × (अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ + विमानाच्या उंचीचं वर्गमूळ), दोन्ही उंची मीटरमध्ये. अँटेना १० मीटरवर धरा. ९,००० मीटरवरून येणारं विमान सुमारे ४०० किमीवर क्षितिजाच्या वर येतं. १०० मीटरवरून येणारं थेट ५४ किमीवर. ताशी ९०० किमी वेगाने पहिल्याला रडारपर्यंत पोचायला २७ मिनिटं लागतात, दुसऱ्याला साडेतीन. ओआरपीवरचं विमान पाच मिनिटांत उडालं तरी दुसऱ्याच्या बाबतीत उशीर झालेलाच असतो. डोंगराळ भागात मध्ये एखादी रांग आली की ५४ किमीही मिळत नाहीत.

म्हणून शांततेत ओआरपी, आणि हल्ल्याची शक्यता दिसली की गस्त. पण नुसती लढाऊ विमानं वर ठेवून भागत नाही, सोबत अवॅक्स किंवा नेत्र, म्हणजे पाठीवर मोठं रडार असलेलं टेहळणी विमान हवं. रडारच ९,००० मीटरवर नेलं की १०० मीटरवरचं विमानही ४०० किमीपलीकडून क्षितिजाच्या वर असतं. चित्रच स्पष्ट नसेल तर गस्तीवरचा वैमानिक बराचसा आंधळाच.

इंधनकाटा
खर्चाचं मी सांगतो. आकडे समजण्यापुरते धरलेत. जायला २० मिनिटं, गस्तीच्या जागी ६०, यायला २०, खाली इंधन-तपासणीला ९०. एका जोडीचं चक्र १९० मिनिटांचं, त्यातली कामाची ६०. म्हणजे एक जोडी अखंड वर ठेवायची तर चार जोड्या, ८ विमानं. शंभरातली ७५ उडण्याजोगी असतात असं धरलं तर ताफ्यात ११ हवीत. २४ तासांत ४८ उड्डाणं. स्क्वाड्रनमध्ये १६-१८ विमानं. एकाच ठिकाणच्या गस्तीत ती जवळजवळ संपली! हवेतच इंधन भरणारा आयएल-७८ टँकर दिला तर जागेवरचा वेळ वाढतो, पण वैमानिकाचा थकवा आणि इंजिनाचे तास काही वाढवून मिळत नाहीत.

गस्तीचा मार्ग लांबट अंडाकृती असतो, लांब बाजू धोक्याच्या दिशेने. दोन विमानं समोरासमोरच्या टोकांना ठेवतात; एक पाठ फिरवून परतत असताना दुसऱ्याच्या रडारचं तोंड धोक्याकडे असतं. वळणं एकाच वेळी आली की तेवढा वेळ त्या दिशेला कुणीच बघत नाही. ही चूक सहज होते.

पूर्वा_नक्षत्र
ओळख पटवण्याबद्दल. आधी कागद: उड्डाण योजना आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) क्रमांक जुळतो का. मग ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख आपोआप कळवणारं उपकरण), आयएफएफ (आपलं की परकं हे विचारणारी लष्करी यंत्रणा), ठरलेला मार्ग, १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर हाका. आयएफएफला उत्तर नाही म्हणजे शत्रू, असं मुळीच नाही. उपकरण बिघडलेलं किंवा बंदही असू शकतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं, आतले सहा आणि जमिनीवरचा एक जण गेला. हवाई दलप्रमुखांनी पुढे ती मोठी चूक असल्याचं जाहीर मान्य केलं. म्हणून शक्य तिथे विमान पाठवून डोळ्यांनी बघतात.

१० मे २०१९ चं प्रकरण याचा चांगला नमुना आहे. तिबिलिसीहून कराचीमार्गे दिल्लीला निघालेलं एएन-१२ मालवाहू विमान उत्तर गुजरातेत ठरलेला मार्ग सोडून शिरलं आणि हाकांना उत्तर देईना. सुखोई-३० गेली, विमान जयपूरला उतरवलं, चौकशी करून सोडलं.

उलट १७ डिसेंबर १९९५ चं पुरुलिया, पश्चिम बंगालमध्ये विमानातून शस्त्रं टाकल्याचं प्रकरण. ते एएन-२६ वाराणसीला रीतसर उतरून पुढे निघालेलं होतं. कागद जुळले की संशय यायला जागा कमी, अन् शस्त्रं तर वाटेत टाकून मोकळे. काही दिवसांनी परतताना ते मुंबईत उतरवलं.

पाणकावळा
रेडिओ बंद असेल तर त्याला सांगायचं कसं? आणि सेस्नासारखं हळू विमान असेल तर?

काटकोन
इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) खुणा ठरलेल्या आहेत. अडवायला गेलेल्या विमानांचा म्होरक्या डावीकडून, किंचित वर आणि पुढे येतो, सुरुवातीला ३०० मीटरच्या आत जात नाही. जोडीदार मागे राहतो. पंख हलवले, दिवे उघडझाप केले, मग सावकाश डावीकडे वळण: 'माझ्यामागे ये'. समोरच्याने पंख हलवून मागे जायचं. विमानतळावर घिरट्या आणि चाकं खाली: 'इथे उतर'. समोरच्याचा मार्ग न छेदता ९० अंश किंवा जास्त वळून झटकन वर गेला तर 'जा, मोकळा आहेस'.

सेस्नाच्या वेगाला लढाऊ विमान तरंगूच शकत नाही. त्यामुळे ते शेजारून पुढे निघून जातं, अंडाकृती फेरी मारून परत येतं आणि प्रत्येक वेळी बाजूने जाताना पंख हलवतं. हेलिकॉप्टर उपलब्ध असेल तर तेच पाठवलेलं बरं. नागरी विमानावर गोळी झाडायची नाही, हे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या ३ बिस कलमात आहे. १९८३ मध्ये कोरियन प्रवासी विमान पाडल्यानंतर १९८४ ला ते कलम आलं, लागू झालं १९९८ ला.