जाहिरातीसाठी संत्र्याची हुबेहूब प्रतिकृती

प्रश्न (धरमपेठ): छायाचित्रणासाठी अर्धवट सोललेल्या संत्र्याची प्रतिकृती करत आहे, कारण नागपूरच्या मे महिन्यात दिव्यांखाली खऱ्या फोडी पाहता पाहता सुकतात. साल जमली, पण फोडी मेणासारख्या निर्जीव दिसतात. काय करावे?

उत्तर (महाल): फोडी पारदर्शक रेझिनच्या ओता, रंग सुईच्या टोकावर मावेल इतकाच घाला आणि पांढऱ्या शिरांसाठी कापसाचे विरळ धागे चिकटवा, प्रकाश आत झिरपला नाही, तर फोड रसाळ दिसतच नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून साल व फोडी यांत किंचित पोकळी हवीच. बहुतेक प्रतिकृती इथेच फसतात, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर (सीताबर्डी): दवबिंदूंसाठी पाण्यात ग्लिसरीन मिसळा, थेंब लवकर वाळत नाहीत.