मदत हवी आहे: वंशावळीसाठी कोणती लायब्ररी? एका माणसाला दोन वडील असतील तर ट्री चालेल का?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा. आमच्या कुळाची हाताने लिहिलेली वंशावळ पायथनमध्ये बसवतो आहे. पुढे इथल्या इतर मराठी घरांनाही तोच कोड वापरता यावा अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून तयार लायब्ररीवरच उभारणी करायची आहे.

आधी एनीट्री (ट्री, म्हणजे फांद्यांसारखी रचना, करणारी पायथन लायब्ररी) घेतली. जुनी वंशावळ तिच्यात सहज बसते, कारण त्या कागदांत फक्त पुरुष आहेत: बाप, त्याखाली मुलगे, त्यांच्याखाली नातू. मला मात्र लेकी आणि सुना हव्याच आहेत. त्यांची नावं सांगू शकणाऱ्या आज्या-आत्या आता मोजक्याच राहिल्या आहेत. पण आई नोंदवली की प्रत्येकाचे पालक दोन होतात, आणि एनीट्रीत नोडला (ट्रीतल्या एका नोंदीला) पॅरेंट, म्हणजे वरचा पालक, एकच. दुसरा नेमला की नोड पहिल्याखालून निघून जातो.

दत्तकाने गुंता आणखी वाढतो. चाचणीला गायकवाड घराणं घेतलं. तिसरे सयाजीराव महाराज जन्माने कवळाण्याच्या काशीरावांचे पुत्र, मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, म्हणजे गादीच्या हिशेबाने ते १८७० मध्येच वारलेल्या खंडेरावांचे पुत्र. दोन्ही नोंदी खऱ्या, एकही गाळायची नाही. आमच्या कुळात तर एका आजोबांनी लेकीचाच मुलगा दत्तक घेतला आहे. तो नातूही आणि मुलगाही, मग त्याची पिढी कोणती धरायची? मामेबहिणीशी झालेली लग्नं आहेतच.

दुसरी अडचण टाइप (माहितीचा प्रकार) तपासणीची. 'व्यक्ती' हा 'नोड'चा सबक्लास (त्यावरून बनवलेला प्रकार) आहे. मुलांची यादी बेस क्लासमध्ये (मूळ 'नोड'मध्ये) 'नोडची लिस्ट' अशी असल्यामुळे मायपाय (कोड न चालवता टाइप तपासणारं साधन) म्हणतं की नोडला जन्मसाल नाही. जागोजागी कास्ट ('हा टाइप अमुकच धर' अशी सूचना) लिहिणं मला पटत नाही. मग तपासणी ठेवायचीच कशाला?

ट्रीची दुसरी एखादी लायब्ररी यातून सोडवेल, की रचनाच बदलू?

प्रतिसाद १

रचना बदला. लेकी आल्या की वंशावळ ट्री राहत नाही, तो बिनचक्री दिशादर्शक ग्राफ (बाणांनी जोडलेलं, फिरून स्वतःकडे न येणारं जाळं) होतो. नेटवर्कएक्स ही ग्राफची लायब्ररी घ्या. व्यक्ती आणि कुटुंब असे दोन प्रकारचे नोड करा: आईवडिलांकडून कुटुंबाकडे बाण, कुटुंबाकडून मुलांकडे बाण. वंशावळीची जेडकॉम फाइल हेच करते. तिथे एक व्यक्ती दोन कुटुंबांत मूल म्हणून नोंदवता येते आणि प्रत्येक नोंदीवर 'जन्म' की 'दत्तक' हे लिहिता येतं. सयाजीरावांचा प्रश्न तिथेच मिटतो.

पिढी व्यक्तीवर साठवू नका, वाटेवरून मोजा. सबग्राफ-व्ह्यूला (ग्राफचा निवडक भाग दाखवणाऱ्या फंक्शनला) गाळणी लावून फक्त जन्माचे बाण ठेवले की तुमचा तो मुलगा नातू ठरतो, दत्तकाच्या वाटेने मुलगा. चुकून कोणी स्वतःचाच पूर्वज झाला तर ग्राफ बिनचक्री आहे का ते तपासणारं फंक्शन ते लगेच पकडेल. एनीट्री टाकून देऊ नका, छापायला ती छान आहे. ग्राफमधून हवी ती शाखा काढून तिला द्या.

प्रतिसाद २

टाइपबद्दल. लिस्ट बदलता येते, म्हणून मायपाय व्यक्तींची लिस्ट नोडच्या लिस्टच्या जागी चालवून घेत नाही. नुसती वाचायची असेल तर 'सीक्वेन्स' लिहा. बेस क्लासला जेनेरिक केलं (मुलांचा टाइप बाहेरून ठरवता येईल असं) की कास्ट जातील. पायथन ३.११ पासूनचा 'सेल्फ' (स्वतःच्याच क्लासचा टाइप) सोपा वाटेल, पण कुटुंबाखाली व्यक्ती येणार असतील तर तो इथे खोटा पडतो.

व्यक्तीचा आणि कुटुंबाचा क्रमांक 'न्यूटाइप'ने वेगळे टाइप म्हणून करा, अदलाबदल झाली की मायपाय ओरडेल. नात्यांचा एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) करून मॅचच्या (पर्यायानुसार वाट निवडणाऱ्या कोडच्या) शेवटी 'असर्ट-नेव्हर' ('इथे कधीच पोचायचं नाही' अशी खूण) ठेवा. उद्या नवं नातं वाढवलं की ते कुठेकुठे हाताळायचं राहिलं ते कोड चालवण्याआधीच दिसेल. फाइलमधून येणारी माहिती मात्र मायपाय पाहत नाही, तिथे पायडँटिक (कोड चालताना माहिती तपासणारी लायब्ररी) लागेल.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. कुटुंबाचा नोड ही कल्पना फार आवडली, सुनेला त्यात आपोआप जागा मिळते. आजच बदलायला घेतो. एक विचारायचं राहिलं: पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न, आणि कोणतं मूल कोणाचं हे कागदात नाही. अशा वेळी आई 'अज्ञात' ठेवून तिसरं कुटुंब करू, की दोन्ही कुटुंबांकडून मुलाकडे 'संशयित' असा बाण?