निवेदक मोलकरीण, गोष्ट मालकांची

कादंबरीत मोलकरणी दार उघडण्यापुरत्याच येतात असं म्हणतात, ते बरंचसं पटतं. पण एमिली ब्रॉन्टीची ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) ही इंग्रजी कादंबरी आठवा. तिच्यातली मोलकरीण नेली डीन आजारी भाडेकरूला पेज आणून देते, शिवणाची टोपली घेऊन बसते आणि जवळजवळ सगळी गोष्ट तीच सांगते. मालकांच्या घरातली बाळंतपणं, भांडणं, मरणं तिला पाठ. तिचं स्वतःचं काय, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही.

बाईला लिहायला स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड हवेत, असं इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिलं. तेव्हा तिच्याकडे स्वयंपाकाला नेली बॉक्सॉल होती (हीपण नेलीच!). दोघींच्या कटकटी वुल्फच्या डायरीत पानोपानी आहेत. एकदा तर नेलीने तिला आपल्या खोलीतून चक्क बाहेर काढलं.